जमिनीवर ठेवलेला चाकू

माणसाची पारख त्याच्या कमरेवरून करणारा एकच इसम मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. जंगल खात्यातून निवृत्त झालेले नाकेदारकाका. नोकरी सगळी सौसरच्या बाजूला, नाक्यांवर एकट्यानं काढलेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, आणि पांढुर्ण्याच्या त्या घरात माणसांच्या जागी कमरेला लावायचे चाकू राहत. तुम्ही नवा शर्ट घाला नाहीतर डोक्याला पट्टी बांधा, त्यांचं लक्ष आधी तुमच्या पट्ट्याकडे. तिथं चाकू नसला की त्यांना तुमची कीव येई.

पाताळकोटकडच्या लोहारानं घडवलेला, बांबूच्या म्यानातला एक चाकू होता. एका गोरखा चौकीदाराची बोटभर खुकरी होती, आणि तिच्या म्यानाला आणखी दोन पिल्लं, इवल्याशा सुऱ्या. कुर्गच्या फौजीकडची साखळीवाली एक सुरी. आणि मँगनीजच्या खाणीवर आलेल्या कुण्या गोऱ्या इंजिनियरनं दिलेला, बर्फाळ मुलखातला. त्याला ना बटण ना पट्टी, अर्धी मूठसुद्धा म्यानात बुडालेली. "आपलं म्यान चाकूले झाकते मास्तर, याचं म्यान चाकूले पकडते. फरक समजून राह्यला का?" मी शाळेत मुलांना त्रैराशिक शिकवत असे, पण या प्रश्नापुढे माझी बोबडी वळे. समजलं म्हणावं तर पुढचा चाकू निघे, नाही म्हणावं तर तोच पुन्हा.

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाच्या हातातली कट्यार म्यानातून ओढून पाहिली, तर गंजलेली. "अबे, हे घेऊन संसार करतं का?" असं म्हणत भर मांडवात खोबरेल मागवलं आणि पातं घासत बसले. मंगलाष्टकं थांबली, मामा चिडला, नवरी पाटावर ताटकळली. तेव्हापासून लोक त्यांना पत्रिका द्यायच्या विसरू लागले. रस्त्यात काकांचा हात कमरेकडे गेला की समोरच्याला लगेच काहीतरी जरुरी काम आठवे. पेरूसुद्धा ते दरवेळी वेगळ्या चाकूनं कापून चव सांगायला लावत, पण पुढे पुढे चव सांगायलाच कोणी उरलं नाही. मग ते एकटेच दोन फोडी खात आणि डोकं हलवत.

उरले एक माझे बाबा. बाबा तिगाव स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंटमन होते. आई गेल्यावर त्यांनाही संध्याकाळ खायला उठे. दोघं काकांच्या ओट्यावर बसत आणि म्यान कातड्याचं बरं की लाकडाचं, यावर हुज्जत घालत. बाबा म्हणत, कातडं सडते. काका म्हणत, लाकूड फुगते. चहा एकाच केटलीतला. पण चाकू मात्र काका स्वतःच्याच हातात ठेवून दाखवत, दुसऱ्याच्या हातात कधी देत नसत.

एके संध्याकाळी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी पाताळकोटचा चाकू बाबांना द्यायचा ठरवला. पट्ट्यातून सोडवला, बाबांच्या समोर फरशीवर ठेवला, झटकन हात मागं घेतला आणि म्हणाले, "उचल."

बाबा उठले आणि घरी आले. चाकू तिथंच राहिला.

मी म्हटलं, "बाबा, चाकू हातात दिला की भांडण होते, असं मानतात ते."

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "पन हात कसा मागं घेतला त्यानं! तो हात मी वळखतो."

आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या आधी, बाबांच्या लहानपणी, गावातले लोक माझ्या आजोबांची मजुरी जमिनीवर ठेवत आणि असाच हात मागं घेत.

मग दोन्ही ओटे ओस पडले. काका आपले एकटेच चाकूंना तेल लावत बसलेले, बाबा खिडकीशी पाठ करून बसलेले. शेवटी मीच काकांकडे गेलो आणि कारण सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "भांडण नको म्हनून ठेवला होता गा मी. एकच तर मानूस आहे माह्याजवळ."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. तळहातावर चाकू.

आतून बाबा म्हणाले, "ठेव तिथंच."

"नाही ठेवत. हातात घे."

"भांडण होईल."

"होऊ दे. रोज होऊ दे. पन हातात घे."

बाबा बराच वेळ उठले नाहीत, आणि काकाही हलले नाहीत. मग बाबा उठले, चाकू घेतला, आणि घेताना त्यांचा हात धरूनच ठेवला. मला आत चहा टाकायचं निमित्त काढून जावं लागलं.

आणि भांडण झालंच. चहा येईपर्यंत बाबांनी बांबूच्या म्यानाला नावं ठेवली, काका भडकले, आणि पुढची काही वर्षं आमच्या गल्लीला संध्याकाळी त्या दोघांशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. आता दोघंही नाहीत. मी ओट्यावर बसतो, तेव्हा इतकं शांत असतं की कुणीतरी येऊन माझ्याशी कडाडून भांडावं, असं फार वाटतं.