भिंतीआडून शिकलेली चाल

उद्धव,

त्या दिवशी तू पेटीवर मान खाली घालून बसला होतास. समोर कोणाच्या तोंडावर काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि पुढे तू कधी विचारलंही नाहीस. आता सांगते. तुला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल, कारण हे वाचणारे दुसरेही असतील आणि आपली अमरावती तेव्हा मध्यप्रांतात होती, एवढंसुद्धा त्यांना सांगावं लागतं. ते आणखी म्हणतात, तुमच्या वेळी सगळं किती साधं होतं. काही साधं नव्हतं. देवळाच्या पुजाऱ्याच्या मुलाने एक चाल उचलली, तर त्याच्या घरावरचं छप्पर जायची वेळ आली होती.

छप्पर म्हणजे देवळामागच्या त्या दोन खोल्या. तुझे वडील, नाना, राममंदिराची पूजा करत, म्हणून त्या खोल्या तुमच्या. पूजा गेली की खोल्या गेल्या. आणि दरवर्षी रामनवमीला, प्रसाद झाल्यावर, पंच पुढच्या वर्षाची पूजा कोणाकडे ते जाहीर करत. त्या वर्षी पंचांचे मुख्य खुशालराव उघडच म्हणत होते, "नानाच्या देवळात मानसं येत नाईत. परतवाड्याचे गुरुजी बोलवू." माणसं येत नव्हती हे खरं होतं. नानांचे पाळणे ऐकता ऐकता रामच नव्हे, बायकाही झोपत.

बायका जागत होत्या त्या दुसरीकडे. बुधवारी दुपारी टॉकीजात फक्त बायकांचा खेळ असे. घरी कोणी हळदीकुंकवाला जाते असं सांगून निघायची, कोणी मैत्रिणीचं बाळ बघायला. माझी आई मला घेऊन जायची आणि वाटेत बजावायची, "पमे, वडिलांनी विचारलं तर लोणच्याच्या कैऱ्या बघायला गेलो होतो." वडील वकील होते, घरात एकही कैरी येत नाही हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

ते दिवस मला अजून कानांनीच आठवतात. पडद्यावर काय झालं ते विसरले. पण पत्र्याच्या त्या तापलेल्या शेडमध्ये पहिल्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा शेजारच्या बाईने तोंडातलं पान चावायचं थांबवलं होतं, ते आठवतं. आम्ही तोवर गाणं ऐकलं होतं ते देवाचं, नाहीतर लग्नातलं. कोणी आपल्यासारखीच मुलगी, आपल्या मनातलं, इतक्या मोठ्या आवाजात म्हणू शकते, हे माहीत नव्हतं.

तू आत कधीच आला नाहीस. आत न जाण्याची नानांनी तुला शपथ घातली होती आणि तू ती पाळलीस. माळ्याची माणिकबाई सकाळी देवळात फुलं द्यायची आणि दुपारी टॉकीजच्या मागच्या दाराशी गजरे घेऊन बसायची. उद्याची फुलं सांगायच्या निमित्ताने तू तिच्याजवळ उभा राहायचास. उकाड्यामुळे ते दार उघडं असे. फक्त तेव्हा चालू असलेल्या सिनेमातल्या, तुझ्या आवडीच्या त्या एका गाण्याच्या मध्यावर दारवान दार लावून घ्यायचा, कारण गाण्याच्या त्या भागात पडद्यावर अंधार होता आणि बाहेरचा उजेड बायकांना खुपायचा. मग शेवटच्या ओळीला पुन्हा उघडायचा. मधला तुकडा तुला कधी ऐकूच आला नाही. तो तू तुझ्या मनाने भरलास.

मी तुला सांगितलं होतं, "तिथं चाल खाली येते. तू वर नेतोस."

"पमू, तुला गळा नाही. तू काय सांगतेस?"

गळा नव्हता, कबूल. कान होते.

आणि ती चाल तू रामाच्या पाळण्याला लावलीस. शहाणपणा केलास असं तुला वाटलं. "बायका आपोआप म्हणतील बघ," म्हणालास. "देऊळ दुमदुमलं की खुशालराव काय बोलतील?"

रामनवमीला दुपारी जन्म झाला, गुलाल उडाला, बायकांनी पाळण्याची दोरी धरली. तू पेटीवर पहिली ओळ वाजवलीस. नानांना वाटलं, पोराने काही नवं बसवलं. कौतुकाने त्यांनी मान हलवली. आणि बायका गायला लागल्या. उद्धव, त्या देवळात तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. शब्द रामाचे होते आणि जीव बुधवारचा. बाहेर रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली. खुशालराव खांबाला टेकले होते ते ताठ झाले, आणि क्षणभर वाटलं की तू जिंकलास.

मग तो तुकडा आला. तू वर गेलास. आणि देवळातल्या झाडून सगळ्या बायका एकजात खाली आल्या.

तू पेटी दाबून त्यांना वर ओढायला बघत होतास. त्या हलेनात. खुशालरावांनी हात वर केला.

"थांबा. उद्धव, हे चाल कोनाची?"

"नवीन आहे."

"तूच बसवली?"

तू पेटीचा भाता लावून घेतलास.

"नवीन आहे, तं बायायले पयलेपासून कशी येते? आन् तू एकीकडे, त्या सगळ्याजनी एकीकडे. चाल याची, आन् चुकते हाच? कोनं शिकवली यायले? टॉकीजातली तं नाई?"

इथं तुझी मान खाली होती. मी बघत होते. माझी आई आंब्याच्या तोरणाकडे बघायला लागली. खुशालरावांची बायको गोदाबाई, जी बुधवारी सगळ्यात पुढे पानाचा डबा घेऊन बसायची, तिने पदर इतका ओढला की नाकच दिसेना. एकीलाही तोंड उघडता येत नव्हतं. खरं बोलायचं तर आधी आपण टॉकीजात होतो हे सांगावं लागणार. म्हणजे कोणी बोललं नाही तर तू वाचणार होतास. मी मनात म्हणत होते, गप्प राहा, सगळ्या गप्प राहा.

नाना पुढे आले. "माझा मुलगा टॉकीजात पाऊल टाकत नाही. रामासमोर सांगतो."

ते खरंच होतं. खुशालरावांचा आवाज उतरला. "तसं असन तं..."

आणि पायरीवरून माणिकबाई आनंदाने ओरडली, "खरं हाय नाना! पोरगं आत जातच नाई, मायापाशी भिंतीले टेकून उभं रायते. आत तं ह्या जातात! अवो गोदाबाई, परवा बुधवारी मायाच गजरा घालून गेल्या ना तुमी? मंग सांगा ना त्याले, बराबर चाल कशी हाय ते!"

तिला तुझी बाजू घ्यायची होती. कोणीतरी फसकन हसलं. खुशालराव बायकोकडे वळले, आणि चारचौघांत तिच्यावर ओरडता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तो राग कुठेतरी जाणारच होता.

"नाना, पूजा तुमच्याकडेच राहीन. पन हा पोरगा आजपासून देवळात पाय ठेवनार नाई, आन् त्या खोल्यायतबी नाई. बोला, कबूल?"

नानांच्या हातात सुंठवड्याचं ताट होतं. तुझी आई आजारी, खोलीत पडलेली. त्यांनी चिमूटभर सुंठवडा आधी खुशालरावांच्या हातावर ठेवला. मग रांगेने वाटत निघाले. तुझ्यापाशी आले, तू हात पुढे केलास, आणि ते पुढच्या माणसाकडे गेले. तू वर पाहिलं नाहीस. मी पाहिलं. त्यांचा हात तुझ्या हातावर आला होता. चिमूट उघडली नाही, इतकंच.

संध्याकाळच्या गाडीने तू बडनेऱ्याहून अकोल्याला गेलास. तिथल्या एका टॉकीजच्या फाटकावर तिकिटं फाडलीस, नंतर पेटीच्या शिकवण्या केल्यास, लग्न केलंस, लोकांच्या मुली गायला शिकवल्यास. तुझ्याबद्दल बोलताना लोक "घरातून पळून गेलेला" म्हणतात तेव्हा मी त्यांना तोडते.

पावसाळा संपताना नाना आमच्या ओसरीवर आले. वडिलांशी बोलायचं नव्हतं, माझ्याशी होतं. "पमे, बायका जिथं खाली आल्या, ती जागा मला एकदा नीट ऐकायची आहे. पाळण्याचे शब्द तिथंच नीट बसतात. पेटीवाला चुकला, पण चाल चांगली आहे."

पेटीवाला म्हणाले. नाव घेतलं नाही.

मी तुला कळवलं, आणि ठरलं. अकोल्याला माझ्या मावशीकडे ग्रामोफोन होता. तू त्या गाण्याची तबकडी मावशीच्या घरी आणायची, मी नानांना गाडीत घालून आणायचं. दुपारी ऐकायचं, संध्याकाळी परत. तुम्ही दोघं एका खोलीत बसाल, बाकी मला काही करायचं नव्हतं.

पण नानांना दिवसभर बाहेर जायचं तर पूजेला बदली माणूस हवा. देवाला उपाशी ठेवून कसं निघणार? आणि आजवर त्यांच्या बदली पूजा करायचास तो तूच. नाना म्हणाले, बघू, कोणी मिळाला की जाऊ. मी मावशीला कळवलं, या आठवड्यात नाही. मग पुढच्याही आठवड्यात नाही. तबकडी तू तिच्याकडे आणून ठेवलीस का, ते तिने कधी लिहिलं नाही, आणि बदली कोणी मिळाला नाही, आम्ही कधी निघालोच नाही.