धोतर सावरणारा पैलवान

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. जगात मला फसवू शकलेला हा एकच माणूस, आणि नेमकं त्यांच्याशीच भांडायची सोय नाही. मैंदर्गीहून सोलापुरात आलो तेव्हा खांद्यावर चादरी टाकून दारोदार फिरलो, मग चाटी गल्लीत दुकान उभं केलं, ते सगळं आवाजाच्या जोरावर. सूतवाले मला लांबून येताना बघूनच भाव उतरवत. पण मुलीच्या सासऱ्यापुढं मुलीच्या बापाला आवाज चढवता येत नाही आणि घासाघीस तर करताच येत नाही. चहा पुढं आला की प्यायचा आणि मान डोलवायची.

व्याही चादरींवरची नक्षी काढत. हात असा की त्यांचा मोर चादरीवरून उठून चालू लागेल असं वाटावं. पण या हाताच्या माणसाला वेड कसलं, तर लहान मुलांच्या मासिकांतल्या चित्रकथांचं. वाचनालय उघडायच्या आधीच हे गृहस्थ नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर पायरीवर बसलेले असत. त्यातही एका ठोशात गाव लोळवणारा वीर आला की पान उलटत. त्यांचा जीव कुणावर, तर ऐन चोरीच्या वेळी शिंकणाऱ्या एका चोरावर. तो पकडला गेला की यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. मी एकदा विचारलं, की व्याहीबुवा, शूर माणूस सोडून या बावळटात तुम्हाला दिसतं तरी काय? ते म्हणाले, "त्या वीराचं आपल्यावाचून काय अडतंय? ह्या शिंकणाऱ्याला मात्र कुणीतरी पायजे की."

एकदा त्यांनी मला सिनेमाला नेलं. आधी कार्टूनचं छोटं रीळ लागलं. एक लठ्ठ अस्वल शिडीवर चढायचं आणि दर वेळी रंगाच्या बादलीत पडायचं. व्याही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग मुख्य सिनेमा सुरू झाला, नायक घोड्यावरून आला, आणि एवढा वारा खाऊनही त्याचा भांग जागच्या जागी होता. तो बघताच व्याही उठले आणि चला म्हणाले. पुरं तिकीट काढून कार्टून तेवढं बघायचं! व्याह्यांना काही बोलायची मला सोय नव्हती म्हणून मी दारावरच्या माणसाला धरलं आणि उरलेल्या सिनेमाचे पैसे परत मागितले. तो आणि मी हातघाईवर आलो. व्याही बाजूला उभे राहून ते भांडण अस्वलाइतक्याच आवडीनं बघत होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढं संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी मी त्यांना नवी नक्षी काढायला सांगितलं. मालाने भरलेली बैलगाडी डोक्यावर उचलून धरणारा पैलवान मला हवा होता. कुठंही न वाकलेला असा पैलवान बघून लोकांना दुकानाचा मालक आठवावा. त्यांनी चौकटींचा कागद माझ्यापुढं धरला. नक्षी तिथं नुसती ठिपक्यांची असते, चार पावलं मागं सरकल्याशिवाय चित्र दिसत नाही. पण व्याह्यांच्या कामापासून मागं सरकून ते पारखायचं म्हणजे अपमान. मी जागेवरूनच मान डोलवली. माल विणून थेट जत्रेतल्या दुकानात आला.

चादर उलगडून टांगली आणि लोक जमले. पैलवानाने गाडी उचलली होती, पण एकाच हाताने. दुसऱ्या हाताने तो सुटलेलं धोतर सावरत होता. डोळे वटारलेले, मिशी एका बाजूला गेलेली. नातेपुत्याचं एक गिऱ्हाईक एकदा चादरीकडं, एकदा माझ्याकडं बघून म्हणालं, "मालक, पैलवान वळखीचा दिसतुया." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हसू आलं. संक्रांतीला माहेरी आलेली माझी मुलगी डबा घेऊन उभी होती. माझी चाहूल लागली की आतल्या खोलीत जाणारी ही पोर. वर मान करून माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. ती हसत म्हणाली, "आप्पा, धोतर सावरताना तुमी अगदी असंच तोंड करता की." मग दचकून पदर तोंडावर घेतला. पण हसू काही थांबेना.

त्याच पावली मी व्याह्यांकडं गेलो. शब्द सगळे जुळवून ठेवले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी हसली का?" मी म्हणालो, हसली. "मग झालं की. हितं तर रोजच हसती."

रोज! एवढी वर्षं पोरगी माझ्या घरात वाढली. तिला मी कापडचोपड कमी केलं नाही, कुणापुढं मान खाली घालायची वेळ येऊ दिली नाही. आणि तिचं हसू कसं असतं ते मला भर जत्रेत गिऱ्हाइकांबरोबर कळलं. एक धोतर सुटलेला पैलवान जे करू शकला ते मला का जमू नये, याचं उत्तर व्याह्यांनी द्यावं, नाहीतर दुसऱ्या कुणी द्यावं. पण द्यावं.