आधी कुठली गोळी घेतली होती?

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात यशपाल औषधविभाग सांभाळतो. त्याला नुसता गोळ्या देणारा समजणाऱ्यांनी एकदा सकाळी त्याच्याबरोबर वॉर्डात फिरून पाहावं. कुठल्या आजाराला कुठलं अँटिबायोटिक, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे कुणाला नको, यावर तो भल्याभल्या डॉक्टरांना अडवतो. "लघवीच्या जळजळीला डोळे मिटून सिप्रो लिहू नका, निम्म्या लोकांना ती आता लागूच पडत नाही," हे ऐकून ऐकून शिकाऊ डॉक्टरांचे कान किटले आहेत.

घरच्यांसाठी मात्र साहेबांचा कायदा वेगळा होता. होटगीहून मीनाआत्याचा फोन यायचा, "यशपाल, पुन्हा आग होतीया रं." आणि हा जेवता जेवता सांगायचा, "सिप्रो घे, पाच दिवस." तिला दवाखान्यात आणायचं, लघवी तपासायची, एवढी उस्तवार कोण करणार? दोन दिवसांत बरं वाटलं की आत्या उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात टाकायची. असं चार वर्षं चाललं. आई गेल्यावर याच बाईनं, नवऱ्याच्या रेल्वेतल्या गँगमनच्या पगारात, त्याला फार्मसी शिकवली होती. तिच्या दुखण्याला त्याच्याकडे वेळ होता तो असा, घासाघासातला.

यंदा फेब्रुवारीत आत्या हुडहुडी भरून त्याच्याच दवाखान्यात आली. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलं होतं. तिथली रीत अशी की, पेशंटनं आधी कुठली औषधं घेतली ते यशपालनं विचारून कागदावर लिहायचं आणि त्यावरून डॉक्टरांनी अँटिबायोटिक ठरवायचं. तरुण डॉक्टर अजिंक्य शेजारीच उभे होते.

"आत्या, सहा महिन्यांत कुठली अँटिबायोटिक गोळी घेतली होतीस का?" रोजचाच प्रश्न. पण या वेळी उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं.

आत्यानं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"न्हाय बाबा, कसली गोळी न् कसलं काय! धन्याचं पाणी पीत हुते तेवढं."

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सिप्रोवरून ज्यांना रोज झाडायचं, त्यांच्याच समोर? यशपालनं कागदावर 'नाही' लिहिलं. भ्याला, दुसरं काही नाही.

"मग नेहमीचं इंजेक्शन चालू करू ना सर?" अजिंक्यनी विचारलं. "आधी काही घेतलं असतं, तर जंतू सरावलेले धरून सरळ वरच्या ताकदीचं दिलं असतं."

"करा," यशपाल म्हणाला. तपासणीचा रिपोर्ट आला की बदलू, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. सिप्रो निकामी, नेहमीचं इंजेक्शनही निकामी. वरचं औषध चालू झालं आणि ताप उतरला, पण तोवर रक्तदाब कोसळून आधीच थकलेली मूत्रपिंडं बसली होती. यशपालनं त्याच दिवशी अजिंक्यना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सर, मी तुमच्या कागदावर गेलो."

आता आत्या आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येते आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगते, "आमच्या यशपालनं वाचीवलं मला." ते ऐकवेना, म्हणून एक दिवस तो तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "आत्या, माझ्यामुळं झालं हे. त्या गोळ्या मीच सांगितल्या, आणि तू नाही म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो."

"मला ठावं हाय की," आत्या म्हणाली. "तुजं नाव सांगितलं असतं तर त्या डाक्टरानं तुला काढूनच टाकलं असतं. तू बी गप बसलास, तवा म्हनलं, पोरगं शाणं हाय."

आत्यानं सुई नसलेल्या हातानं त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "ऱ्हायली न्हवं नोकरी?"