अप्पांचे आठ किलोवॅट

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, बेताचं असं काही जमतच नसे. घरात माणसं चार: अप्पा, आई, माझा नवरा मिलिंद आणि मी. पण अप्पांनी बाजारातून मेथी आणली की ती निवडता निवडता आमचा दिवस जायचा. चपला ठेवायला त्यांनी सुताराकडून करून घेतलेलं कपाट एखाद्या मंगल कार्यालयात खपून गेलं असतं. ‘एवढं कशाला?’ असं विचारलं की चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, “उद्या माणसं आली तर?” लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं, की अप्पांनी तोंड उघडायच्या आतच माझं डोकं दुखायला लागायचं.

अप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणाचा सांडवा रोजच्या पाण्यासाठी नसतो, पुरासाठी असतो, हे त्यांनी तिथे जे डोक्यात घेतलं ते घरी आल्यावरही काढून ठेवलं नाही. पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, फ्रीज, सगळं त्यांनी पुराच्या हिशेबानं घेतलं. पूर काही येत नव्हता. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते कॅनडात. नणंद शुभाताई बंगळूरला. दोघांच्या खोल्या मात्र वरच्या मजल्यावर गाद्यांसकट सज्ज असत, आणि त्यांची झाडलोट कोण करत होतं हे मी सांगायला नको.

त्या दोन खोल्यांवरूनच हे सोलरचं प्रकरण सुरू झालं. काही वर्षांपूर्वी दादा मे महिन्यात बायको-मुलीला घेऊन आले होते. नाशिकची हवा थंड असते, या जुन्या समजुतीवर बिचारे विसंबले. मुलगी लहान, तिच्या अंगभर घामोळं उठलं. अप्पांनी घाईघाईनं दोन एसी बसवून घेतले, पण दोन्ही एकदम लावले की घराचा मेन स्विच पडायचा. एका दुपारी तो तिसऱ्यांदा पडला, मुलगी रडून लालबुंद झाली, आणि संध्याकाळी दादांनी बॅगा उचलून हॉटेल गाठलं. त्यानंतर ते आले नाहीत. कारणं शंभर होती, रजा, तिकिटं, मुलीची शाळा. अप्पांच्या लेखी कारण एकच होतं. घरातली वीज पुरली नाही म्हणून पोरगा घरातून उठून गेला.

म्हणून जेल रोडवरच्या आमच्या बंगल्यांच्या ओळीत जो तो गच्चीवर सोलर बसवू लागला, तेव्हा अप्पांना वाटलं की हा आपल्यासाठीच शोध लागला आहे. सोलरवाला भूषण सटाण्याकडचा, बोलायला मोकळा. त्यानं वर्षभराची बिलं पाहिली आणि म्हणाला, “अप्पा, तीन किलोवॅट लय झालं तुम्हाला. वापर पाहून सिस्टिम घ्यायची आसती, घर पाहून नाय.”

“आणि उद्या माणसं आली तर?”

“कोन येनार हाय?”

हा प्रश्न विचारायला नको होता. अप्पा खडू घेऊन उठले आणि खोली-खोलीतून फिरू लागले. प्रत्येक दाराच्या चौकटीवर त्या खोलीचा लोड, म्हणजे तिथे लागणारी वीज, लिहिली. दादांच्या खोलीत एसी, पंखा, गिझर. शुभाताईंच्या खोलीत तेच, वर मुलांचे कॉम्प्युटर. दिवाणखान्याच्या दारावर तर न घेतलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या एसीचाही आकडा होता. सगळ्याची बेरीज आठ किलोवॅटच्या घरात गेली. मी भूषणला डोळ्यांनी खुणावत होते की बाबा रे, तू तरी ऐकू नकोस. तो ठाम होता. पण चहा पिता पिता अप्पांनी त्याला विचारलं, “कोनता गावना तू?” अप्पांचं आजोळ त्याच बाजूचं निघालं, आणि मग जे दोघं अहिराणीत सुटले ते मला धड कळेनासुद्धा. चहा संपला तेव्हा भूषण आठ किलोवॅटचं माप घ्यायला गच्चीवर चालला होता. एवढी मोठी सिस्टिम बसवायची तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्या हेलपाट्यांना अर्थातच मिलिंदला धाडलं. तो प्रत्येक वेळी घरी येऊन माझ्यावर चिडायचा, जणू आठचा आकडा मीच काढला होता.

मग गच्चीचं भांडण. आठ किलोवॅटच्या पॅनलनी आमची गच्ची या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत झाकली जाणार होती. आई म्हणाल्या, “माझे कुरडया-पापड कुठे घालू?” अप्पांनी त्यावरही तोड काढली. पॅनल डोक्याच्या वर राहतील असा उंच सांगाडा उभारून घेतला आणि अभिमानानं म्हणाले, “बस आता खाली खुशाल. ऊन लागायचं नाही.” पापड सावलीत वाळत नाहीत, हे आयुष्यभर पापड खाल्लेल्या माणसाला सांगायचं तरी कसं? त्या उन्हाळ्यापासून आईंचं वाळवण शेजारच्या कुलकर्णीकाकूंच्या गच्चीवर जायला लागलं, आणि राखणीला अर्थातच मी.

सिस्टिम सुरू झाली आणि अप्पांना नवा छंद लागला. जिन्याखाली इन्व्हर्टर बसवला होता. त्याच्यासमोर खुर्ची टाकून ते बसायचे आणि पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचे. आम्हाला लागायची त्याच्या कितीतरी पट वीज गच्चीवर तयार होई आणि उरलेली मीटरमधून बाहेर जाई. अप्पा फाटकाशी उभे राहून कुलकर्णीकाकूंना सांगायचे, “लावा मिक्सर खुशाल. आमचीच वीज येतेय तुमच्याकडे.” काकूंना वाटायचं, आपण काहीतरी चोरतोय. त्या मला येऊन विचारायच्या, आणि मी कपाळाला हात लावायची.

पण खरा कहर मे महिन्यात व्हायचा. दिवाणखान्यातले ते दोन एसीही एव्हाना आले होते. भर दुपारी अप्पा चारही एसी एकदम लावायचे, वरच्या रिकाम्या खोल्यांतलेसुद्धा, आणि दादांना व्हिडिओ कॉल करायचे. “हे बघ, चारही चालू. काही पडलं नाही. तुझी खोली बघ कशी गार झालीय.” मोबाइल हातात धरून ते दादांना ती रिकामी खोली दाखवत, गादी, खिडकी, चौकटीवरचा खडूचा आकडा. दादांकडे तेव्हा पहाट असायची. ते डोळे चोळत म्हणायचे, “मस्त, अप्पा. बघतो यंदा.” एकदा न राहवून मी म्हटलं, “अप्पा, ते विजेमुळे यायचे राहिलेले नाहीत हो.” ते म्हणाले, “असू दे. पण वीज पुरली नाही, असं त्याला म्हणता येणार नाही.”

एप्रिलच्या शेवटी अप्पा गेले. दुपारी खुर्चीतच, आकडे बघता बघता.

तेराव्याला घर भरलं. दादा, वहिनी, आता चांगली उंच झालेली त्यांची मुलगी, शुभाताईंचं सगळं कुटुंब, सटाण्याकडची मंडळी. नाशिक तापलं होतं. चारही एसी, सगळे पंखे, दोन्ही फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं एकदम चालू होतं. मेन स्विच पडला नाही. मी सवयीनं जिन्याखाली डोकावले, तर एरवी धो धो बाहेर जाणारी वीज त्या दिवशी बाहेर जातच नव्हती. सगळीच्या सगळी घरात लागत होती.

तेवढ्यात दादा मागे येऊन उभे राहिले. इन्व्हर्टर, भिंतीवरचा तारांचा जुडगा, सगळं न्याहाळून म्हणाले, “एवढी मोठी सिस्टिम कशाला घ्यायची? इथे राहतं कोण? तुम्ही कोणी थांबवलं नाहीत अप्पांना?”

शब्दन् शब्द माझाच होता. याच जागी उभं राहून याच सुरात मी तो वाद घातला होता. पण दादांच्या तोंडून ऐकला आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

“उद्या माणसं आली तर?” मी म्हटलं.

वरून दादांच्या मुलीनं हाक मारली, खोली फार गार झालीय, एसी कमी कसा करायचा? ते हळूहळू जिना चढून गेले.

मी मात्र तिथेच, त्या रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिले. अप्पांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. ज्या एका दुपारसाठी या माणसानं आमचा जीव खाल्ला, आईंची गच्ची घेतली, रिकाम्या खोल्या गार केल्या, ती दुपार आली होती. घर भरलं होतं, वीज पुरली होती, आणि आकडा वाचून दाखवायला हा माणूस जागेवर नव्हता.