राजाबाईच्या कोंबड्या आणि डॉ. अचलेरे

विरुपाक्ष अचलेरे यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलं नव्हतं. पण क्षयाचा जंतू वाढतो अंड्यावर. अंडी घुसळायची, त्यात क्षार घालायचे, परीक्षानळ्यांत तिरकी थिजवायची आणि त्यावर रोग्याचा बेडका पेरून आठ आठवडे वाट बघायची. कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे मग कळतं. सोलापुरातल्या एका क्षय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत विरुपाक्ष हेच काम करायचे आणि त्यासाठी दर आठवड्याला भवानी पेठेतून पाच डझन अंडी स्वतः निवडून आणायचे.

पेठेत व्हायची ती चर्चा झालीच. आई सुंदरम्मांनी एकदा जेवताना विचारलं, "विरू, एवढी अंडी कोण खातं रे?"

"जंतू खातात, अव्वा."

"मग जंतूंना ज्वारी चालत नाही का?"

विरुपाक्षांनी या प्रश्नावर खरंच दोन दिवस विचार केला. चालत नव्हती.

चौऱ्याहत्तर साली वरून हुकूम आला, की अंडी यापुढे मान्यताप्राप्त पोल्ट्रीचीच घ्यावीत. पांढरीशुभ्र, एकसारखी अंडी येऊ लागली. आठ आठवड्यांनी बघतात तर एकाही नळीत जंतू नाही. पुढच्या आठवड्यातल्या नळ्याही कोऱ्या. नियमाप्रमाणे 'वाढ नाही' असे दोनशे अहवाल गेले, आणि वरच्या ऑफिसातून अभिनंदनाचं पत्र आलं.

चन्नप्पा नावाचा गिरणी कामगार अहवाल घेऊन खोकत खोकत प्रयोगशाळेत आला. "साहेब, कागद म्हणतोय मी बरा हाय. मग ह्यो खोकला कुणाचा?"

विरुपाक्षांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या सकाळी ते पोल्ट्रीवर गेले. तिथला रखवालदार मानसिंग अभिमानाने सांगू लागला, "आमची एक कोंबडी शिंकत न्हाय, साहेब. रोज खाद्यात औषध असतंय की." त्याने पिवळी भुकटी दाखवली. औषध कोंबडीतून अंड्यात आणि अंड्यातून नळीत जात होतं. जंतू उपाशी नव्हते, ते जेवणातूनच मरत होते.

इकडे रोग हटवल्याबद्दल विरुपाक्षांच्या सत्काराचा दिवस ठरला होता. वरच्या ऑफिसातले साहेब शाल हातात घेऊन उभे असताना विरुपाक्ष हळूच म्हणाले, "सर, रोग गेलेला नाही. कोंबड्या औषधावर आहेत."

साहेबांनी शालीकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. "आता मंडप घातलाय, अचलेरे," ते म्हणाले, आणि त्यांनी शाल विरुपाक्षांच्या खांद्यांवर घातली.

ती शाल पिशवीत कोंबून विरुपाक्ष मोहोळची एसटी धरून गेले. तिथे बाजारात राजाबाई गावरान अंडी विकत बसली होती.

"तुमच्या कोंबड्यांनी कधी औषध घेतलंय?"

राजाबाईने त्यांना नीट न्याहाळलं. "आमाला कुणी दिलं न्हाय, कोंबड्यांना कोण देतंय?"

विरुपाक्षांनी सगळी टोपली उचलली.

त्या अंड्यांवर चन्नप्पाचे जंतू फुलकोबीसारखे वाढले. स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या नळीतही तसेच. त्याला दीड वर्ष टोचलेलं हेच औषध निव्वळ पाणी ठरलं होतं. औषधं बदलली, आणि पुढच्या वर्षी चन्नप्पा पुन्हा मागावर उभा राहिला.

वरच्या ऑफिसाने मात्र खुलासा मागवला: शहरातून हद्दपार झालेला रोग आपल्या प्रयोगशाळेत परत कसा आला? शिवाय राजाबाई मान्यताप्राप्त नाही. तिच्या कोंबड्यांचा आरोग्य दाखला जोडावा.

दाखला द्यायला गुरांचे डॉक्टर आले, आणि म्हणाले, औषध पाजल्याशिवाय दाखला देता येत नाही.

विरुपाक्षांनी आयुष्यात कधी सरकारी माणसाला फसवलं नव्हतं. त्यांनी राजाबाईकडे पाहिलं. डॉक्टर गाडीतून औषध आणेपर्यंत राजाबाईने तीस कोंबड्या जावेच्या परड्यात लोटल्या आणि सहा म्हाताऱ्या, अंडी न घालणाऱ्या पुढे केल्या.

"एवढ्याच?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, एवढ्याच," राजाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी सहाही जणींना औषध पाजलं, आणि दाखल्यावर विरुपाक्षांनी साक्षीदार म्हणून सही केली. पुढची नऊ वर्षं प्रयोगशाळेला अंडी त्या उरलेल्या तीस जणींची आणि त्यांच्या लेकींची आली. दिल्लीच्या मासिकात विरुपाक्षांचा शोधनिबंध छापून आला, त्यात आभारात राजाबाईचं नाव होतं. संपादकांनी आधी पत्राने विचारलं होतं, या विदुषी कोणत्या संस्थेच्या?

विरुपाक्षांनी लिहिलं, "मोहोळ."