मार्थाबाईंची लांबलचक प्रार्थना

सुई टोचण्यासाठी मी हात धरला, तेवढ्यात मार्थाबाईंनी डोळे मिटले. मी घड्याळाकडे पाहिलं. आता तीन मिनिटं तरी गेलीच.

मी जालन्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या काम करेनाशा झाल्या की माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करतात. मशीनच्या फिल्टरमध्ये पातळ पडदा असतो. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला शुद्ध केलेलं पाणी. एका पेशंटला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं, म्हणून जालन्यात या कामात निम्मा जीव टँकरवर टांगलेला असतो.

त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. आदल्या दिवशीची अख्खी शिफ्ट रद्द झाली होती. तिच्यातल्याच एक मार्थाबाई. रिटायर्ड अंगणवाडी सेविका, जाफराबादहून जीपने एकट्याच यायच्या. पाय सुजलेले, छातीत पाणी, एका वाक्यात दोनदा दम लागत होता. एवढं असून देवाचे उपकार मानायच्या, तेही एकेका गोष्टीचं नाव घेऊन. आमची अम्मी ‘शुक्र है’ म्हणते आणि कामाला लागते. मार्थाबाईंचं हजेरी घेतल्यासारखं चालायचं.

“प्रभू, जीपमधी खिडकीची जागा दिलीस, तुझे उपकार. आज सुई सलीमच्या हातची, तुझे उपकार…”

मावशी, आवरा, मी मनात म्हणालो. बाकीच्या तीन खुर्च्यांवर मशीन सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

“…आन् आत्ताच पाण्याचा टँकर आला, त्याचे उपकार. जुलाबाची साथ हाय म्हणून डबल पावडर टाकली म्हणे ड्रायव्हरनं. वास येऊन राह्यला…”

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि पळालो.

पावडर म्हणजे क्लोरीन. प्यायच्या पाण्यात ते चांगलं. डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, माणूस दगावू शकतो. आमच्याकडे कोळशाची टाकी ते शोषून घेते. घेतलं की नाही, हे दर शिफ्टआधी औषधाचे थेंब टाकून बघायचं असतं. सकाळी मी बघितलं होतं. दुपारी गर्दी होती म्हणून सकाळचंच शून्य रजिस्टरमध्ये उतरवलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं.

धावत येऊन तिन्ही मशीन बायपासवर टाकली. म्हणजे रक्त फिरत राहतं, पण ते पाणी फिल्टरमध्ये जात नाही. डॉक्टर मॅडम आल्या.

“शेख, काय झालं?”

“क्लोरीन येतंय, मॅडम.”

“रजिस्टरला तर शून्य आहे.”

“सकाळचंच लिहिलं. दुपारी टेस्ट न्हाई केली.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. “तिघांचं सॅम्पल घे. जल्दी.”

रक्त छोट्या मशीनमध्ये गरगर फिरवलं की लाल पेशी खाली बसतात. वरचं पाणी पिवळसर असलं तर ठीक, लाल आलं तर पेशी फुटल्या. ती पाच मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. “काय झालं भाई?” पहिल्या खुर्चीवरचा रोलिंग मिलचा कामगार विचारत होता. “काही नाही,” म्हणालो, नजर त्या छोट्या मशीनवरच.

तिन्ही नळ्या पिवळ्या निघाल्या. तिघांचं रक्त त्यांना परत देऊन मशीन बंद केली.

पण मार्थाबाईंचं काय? कोळशाची टाकी धुवायची, पावडर नसलेला बोअरच्या पाण्याचा टँकर मागवायचा, सगळं पाणी बदलायचं. त्यात चार तास गेले. त्या ऑक्सिजन लावून बसून होत्या. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. दर दहा मिनिटांनी मी बोटाला लावलेल्या मीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत होतो. तो खालीच येत होता. या बाईंना काही झालं तर ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी पाणी तयार झालं. सुई घेऊन गेलो आणि सांगून टाकलं.

“मावशी, चूक माझी होती. पाणी तपासलंच नव्हतं. तुम्ही प्रार्थनेत बोलला म्हणून वाचलो.”

त्यांनी मास्क बाजूला केला. “मी देवाशी बोलत व्हते. त्याचे उपकार मान, माझे न्हाई.” दम घेतला. “आता पाणी तपास, मंग सुई लाव.”

“आत्ताच तपासलंय, मावशी.”

“माह्यासमोर.”

मी पाण्याची नळी आणि थेंबांची बाटली खुर्चीजवळ आणली. थेंब टाकले. नळी उजेडाकडे धरून त्यांनी नीट बघितली. पाण्याला रंग आला नाही. मग त्यांनी हात पुढे केला.

मला मेमो मिळाला, तो बरोबरच होता. आता प्रत्येक टँकरनंतर टेस्ट होते, आणि पेशंटच्या डोळ्यांसमोर होते. वेळ लागतो. लागू दे.