मालूमायचं पहिलं ताट

मार्गशीर्ष, शके १८४६. देवाच्या वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. पुढे मन लागेना. बोटांत कापूस, आणि डोळ्यांपुढे मालूमायचं ताट, तसंच झाकलेलं. परडी तशीच ठेवली आणि तापीच्या घाटाकडे निघाले.

मालूमाय जसोंडी गावची. तापाच्या मोठ्या साथीत नवरा आणि मुलगे गेले. मागे ती आणि एक गाय. यंदा पोळ्याआधी गायही गेली, तेव्हा ती इथल्या घाटावरच्या धर्मशाळेत आली. निराधार म्हाताऱ्यांसाठी तिथे मागच्या चार खोल्या आहेत. कारभारी दिगंबरपंत मनाने मोठे. सगळ्यांत वडील म्हणून पहिलं ताट तिलाच वाढायचे. आधी आधी ती थोडं चिवडायची, पण चार दिवसांत घाससुद्धा नाही. वैद्यांचा काढा झाला, माझा अंगाराही झाला. काल पंत हळूच म्हणाले, "वहिनी, आता हिला तापीमायच नेणार."

आज धुकं इतकं, की नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं, कळेना. मालूमाय पायरीवर बसून लांबच्या गुरांच्या घंटा ऐकत होती, जणू त्या गुरांमागून तीच चालली होती.

"माय, जेवत का नाहीस गं?"

"कशी जेवू वो बाई? जलमभर पयली भाकर गायले, मंग घरच्यायले, मंग माले. अठी पयलं ताट माह्याच पुढं! घास नरड्यात फिरते."

माझ्यामागून आलेले पंत ओशाळले. "अहो, मान म्हणून वाढत होतो!"

"मान ठेवा तुमच्यापाशी. पीठ द्या."

भाकरी थापल्याचा आवाज धुक्यात घुमत राहिला. पहिली भाकर घेऊन ती पायरीवर आली, "ये वं माय" म्हणाली, आणि धुक्यातून एक पांढरी गाय पावलं न वाजवता वर आली. माझे हात आपोआप जुळले. मग गळ्यातली घंटा ओळखली. यादव गवळ्याची चुकार गाय!

मालूमायनेच सगळ्यांना वाढलं. शेजारच्या खाटेवरची सरुबाई म्हणाली, "कड जाड झाली गं."

"तुले दात नाही, कडेचं काय घेऊन बसली?"

सगळे हसले. सगळ्यांच्या मागून मालूमाय बसली, आणि अर्धी भाकर खाल्ली.

पण गाय काही रोज चुकणार नाही. वाती अजून परडीतच आहेत, देव थांबेल. आधी यादवकडे जाऊन, रोज सकाळी गाय घाटावरून न्यायला सांगून येते.